संध्याकाळचे दोन तास

मुंबईच्या जुन्या उपनगरांत रस्त्याच्या कडेला अजून अशी वाचनालये दिसतात, ज्यांना धड भिंतीही नाहीत. वर पत्रा, खाली दोन बाकडी, मध्ये एक उतरते मेज आणि त्यावर पट्टीत अडकवलेली चार-पाच वर्तमानपत्रे. पाटीवर 'मोफत वृत्तपत्र वाचनालय'. सकाळी सात वाजता दुधाची पिशवी बाकड्याच्या पायाशी टेकवून आजोबा मंडळी स्थानापन्न होतात. पहिले पान एकाकडे, खेळाचे दुसऱ्याकडे. तिसरा शब्दकोड्याची वाट बघत असतो, आणि ते हाती येते तेव्हा आधीच कोणीतरी बॉलपेनने निम्मे सोडवून ठेवलेले असते.

शेजारी काळा फळा. उद्या पाणी कमी दाबाने येईल. रविवारी रक्तदान शिबिर. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी सत्कारासाठी गुणपत्रिकेची झेरॉक्स आणून द्यावी. खाली चौकटीत एखादी श्रद्धांजली. दिल्लीच्या आणि मंत्रालयाच्या बातम्या मेजावर, गल्लीच्या बातम्या फळ्यावर, अशी ही वाटणी. सांताक्रूझ-वाकोल्याच्या चाळींत वाढलेल्या माणसाला विचारले तर तो सांगेल, की आपल्याशी संबंध असलेली बातमी आधी फळ्यावर यायची.

संस्थेचा इतिहास सांगणाऱ्या लेखाची सुरुवात बहुतेक स्मरणिकांत एका रोपट्याने होते आणि दुसऱ्या परिच्छेदात त्याचा वटवृक्ष होतो. मग अध्यक्षांची नावे, देणगीदारांची नावे, कोनशिलेचे छायाचित्र. या लेखात वटवृक्ष नाही. शिवाय एका पाटीचा इतिहासही नाही. सार्वजनिक वाचनालय या संस्थेची ही हकिगत आहे आणि ती सांताक्रूझच्या फलाटावर उभे राहून सांगितलेली आहे. एका बाजूला पार्ले, दुसऱ्या बाजूला खार-वांद्रे, पूर्वेला कालिन्याला मुंबई विद्यापीठाचे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. एवढ्या मोठ्या विद्यापीठाच्या दारातसुद्धा गल्लीला स्वतःचे छोटे वाचनालय लागतेच. विद्यापीठात ओळखपत्र दाखवावे लागते, इथे नुसता चेहरा चालतो.

महाराष्ट्रात वाचनालये आधी गोऱ्या साहेबांच्या सोयीने आली. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. त्यांतल्या कित्येकांचे पहिले नाव 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' असेच होते. कलेक्टर, न्यायाधीश, शिक्षणखात्यातले अधिकारी, सरदार आणि गावातले चार इंग्रजी शिकलेले लोक हे त्यांचे आश्रयदाते. कपाटात इंग्रजी पुस्तकांचा भरणा. मराठी पुस्तके मुळात थोडीच छापली जात होती, आणि जी छापली जात ती जपून ठेवावीत असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

ते वाटले ठाण्याला, ऐन विशीतल्या एका तरुणाला. विनायक लक्ष्मण भावे यांनी सोबत्यांना घेऊन १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केले. नावातला 'मराठी' हा शब्द मुद्दाम घातलेला होता. जे जे मराठीत छापले गेले ते ते मिळवायचे आणि सांभाळायचे, ही कल्पना. पुढे याच भाव्यांनी 'महाराष्ट्र सारस्वत' लिहून मराठी वाङ्मयाचा इतिहास मांडला. आधी पुस्तके गोळा करणारा माणूस आणि मग त्यांचा इतिहास लिहिणारा माणूस एकच निघाला, यात नवल नाही. ज्याने घरोघर फिरून जुनी पुस्तके मागितली आहेत, त्याला कुठल्या घरात काय पडले आहे आणि काय कायमचे गेले आहे हे इतरांपेक्षा जास्त ठाऊक असते.

पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. सालाकडे जरा बघावे. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग शिरला होता. लोक बिऱ्हाडे हलवत होते, गिरण्या ओस पडत होत्या, आणि १८९८ मध्येच शहर नीट वसवण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला. अशा दिवसांत काही माणसे एकत्र बसून मराठी पुस्तकांच्या याद्या करत होती. त्यांना वेडे म्हणणारेही असणार. पण याच प्लेगने माणसांना शहराबाहेरची मोकळी हवा शोधायला लावली, आणि साष्टीच्या भातखाचरांत उपनगरे उगवायला लागली. वाचनालय आणि उपनगर या दोन्ही गोष्टी अशा एकाच काळात हातपाय पसरू लागल्या.

सांताक्रूझचे स्टेशन १८८८ चे. मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला १९२० मध्ये. विजेची गाडी बोरिवलीपर्यंत धावू लागली १९२८ मध्ये. तोवर वाफेच्या गाडीने कोटातल्या कचेरीत जायचे आणि दिवेलागणीला परतायचे, असा इथल्या कारकुनांचा दिनक्रम होता. दिवसाचे दहा-अकरा तास असे बाहेर गेल्यावर हातात उरत संध्याकाळचे दोन. उपनगरातली जवळजवळ प्रत्येक मराठी संस्था या दोन तासांवर उभी राहिली. शाळेच्या फीचा हिशेब त्याच वेळात, गणेशोत्सवाची वर्गणी त्याच वेळात, आणि पुस्तकांची देवघेवही त्याच वेळात. आजही बहुतेक वाचनालयांची मुख्य वेळ संध्याकाळचीच असते, ती या जुन्या लोकलच्या वेळापत्रकाची खूण आहे.

पार्ल्याचे उदाहरण या पट्ट्यातले सर्वांत ठळक. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. पुढच्याच वर्षी, जून १९२१ मध्ये, पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले. ११ मार्च १९२३ रोजी लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. त्याची वास्तू टिळक मंदिर, रस्ता राम मंदिराचा. नावे बघितली तरी त्या वस्तीचे मन कळते. पु. ल. देशपांडे याच पार्ल्यात लहानाचे मोठे झाले आणि पार्ले टिळक विद्यालयात शिकले. व्याख्याने, गाणी, नाटके आणि पुस्तके ज्या वयात आपोआप कानांवर आणि डोळ्यांवर पडावीत, त्या वयात ती त्यांना घरापासून चालण्याच्या अंतरावर मिळाली. संघाचे श्री. वा. फाटक ग्रंथसंग्रहालय आजही तिथे आहे. सांताक्रूझकरांना एक स्टेशन ओलांडले की ही दुनिया उघडी होती, आणि 'आज टिळक मंदिरात कोण बोलणार आहे' हा प्रश्न पार्ल्याबाहेरच्या घरांतही विचारला जाई. उपनगरातली दुसरी मोठी वाचनालयेही अशीच एखाद्या सेवा संघाच्या नाहीतर स्मारकाच्या पंखाखाली वाढली. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघाचे न. चिं. केळकर ग्रंथालय, गोरेगावला केशव गोरे स्मारक ट्रस्ट. नुसते वाचनालय म्हणून ज्यांनी सुरुवात केली त्यांची गाठ लवकरच जागेच्या भाड्याशी पडली.

पण या दोन तासांत नेमके होते काय, हे स्मरणिकांत सहसा लिहिलेले नसते. ते इथे लिहून ठेवायला हवे.

नवे पुस्तक आले की आधी ते बिलाशी ताडून बघायचे. मग दाखल नोंदवहीत ओळ लिहायची : तारीख, दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, साल, पृष्ठे, किंमत, बिल क्रमांक. ही नोंदवही म्हणजे वाचनालयाचा सातबारा. तिच्यात खाडाखोड चालत नाही. चूक झालीच तर आडवी रेघ मारून वर सही करायची. मग शिक्का. तो शीर्षकपानावर, शेवटच्या पानावर आणि शिवाय आतल्या एका ठरावीक पानावर मारायचा. ते पान कोणते, हे फक्त काम करणाऱ्यांना माहीत असते. कोणी पहिली चार पाने फाडून पुस्तक रद्दीत घातले तरी ते ठरावीक पान उघडले की पुस्तक कोणाचे ते बोलते. पुढे खाकी नाहीतर प्लास्टिकचे वेष्टण, मागे तारखांचे पत्रक, कण्यावर क्रमांक. एका पुस्तकामागे पंधरा मिनिटे सहज जातात.

तो कण्यावरचा क्रमांकही एक गंमत आहे. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये जगातले सगळे ज्ञान दहा कप्प्यांत बसवले. त्यात मराठी साहित्याच्या वाट्याला आले ८९१.४६, म्हणजे दशांश चिन्हानंतरची जागा. विज्ञान, धर्म, भूगोल सगळे मिळून निम्मे ग्रंथालय जेमतेम भरणार आणि उरलेले निम्मे या एका अपूर्णांकात कोंबावे लागणार, अशी गल्लीतल्या वाचनालयाची स्थिती. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ड्युईला नमस्कार करून कादंबरी, कथा, चरित्र, प्रवास, बाल असे साधे कप्पे आणि लेखकाच्या आडनावाचे अक्षर यांवर भागवले गेले. शियाळी रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यातले एक असे, की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. ते सूत्र काउंटरवरच्या माणसाला न वाचताच पाठ असते.

"काकू, हे तुम्ही नेलं होतं मे महिन्यात."

"हो का? मग ते दुसरं द्या, परवा त्या वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणत होत्या ते."

पुस्तकाचे नाव नाही, लेखकाचे नाव नाही. तरी पुस्तक हातात पडते, कारण वरच्या मजल्यावरच्या बाईंनी काय नेले होते हे काउंटरवरच्या माणसाला आठवत असते. संगणकात नोंदी आल्या, बारकोड आले, तरी हा शोध अजून कुठल्या सॉफ्टवेअरला जमलेला नाही.

निवड समितीचे आणि वाचकांचे मात्र फारसे कधी जमले नाही. समितीला वैचारिक ग्रंथ हवे असतात, वाचकांना रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांनी एका पिढीला वाचायची सवय लावली, आणि त्या पिढीची वर्गणी घेऊन वाचनालयांनी ज्ञानकोश घेतले. हा व्यवहार कुठल्याही अहवालात लिहिलेला नाही, पण त्यात लाजण्यासारखे काही नाही. रहस्यकथांचे दुखणे वेगळेच. दहाव्या पानाच्या समासात कोणी खोडसाळ पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवतो. बाकीच्या पुस्तकांच्या शेवटी 'अवश्य वाचा', 'शेवट फसला', 'लेखिकेने सासूवर अन्याय केला आहे' असे अभिप्राय असतात. नियमावलीत पुस्तकावर लिहिण्यास सक्त मनाई असते. अभिप्राय मात्र पुढचा प्रत्येक वाचक आधी वाचतो.

वर्षातला सगळ्यात धामधुमीचा काळ दिवाळीनंतरचा. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक नवा ऋतू सुरू झाला. एका घराला सगळे अंक विकत घेणे परवडत नाही, म्हणून वाचनालयाची दिवाळी अंक योजना. वेगळी वर्गणी भरायची आणि अंक फिरवून फिरवून वाचायचे. या काळात अंक दोन दिवसांत परत यावा लागतो. मग चकरा, तगादे, 'तो अंक मागे ठेवा हं माझ्यासाठी' अशा विनवण्या. वर्षभर न दिसलेले सभासद या महिन्यांत दिसतात. होळीच्या सुमाराला अंकांच्या पाठी निखळलेल्या असतात आणि कार्यकर्ते डिंकाची बाटली घेऊन बसलेले असतात.

१९७४ च्या डिसेंबरात 'ग्रंथाली' सुरू झाली तीही अशाच नोकरी सांभाळणाऱ्या माणसांनी. दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला प्रकाशन संस्था म्हणण्याऐवजी वाचक चळवळ म्हटले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये ग्रंथालीने काढले, त्यानंतर लक्ष्मण माने यांचे 'उपरा'. ही पुस्तके उपनगरांतल्या वाचनालयांत आली तेव्हा काउंटरच्या दोन्ही बाजूंना खळबळ झाली. ज्या वस्त्यांविषयी फारसे काही छापून आले नव्हते त्या वस्त्या कपाटात आल्या. त्याआधीच्या मराठी कादंबरीतला नायक बहुधा पदवीधर असे. आता मुंबईच्या कावाखान्यातला पोरगा स्वतःची गोष्ट सांगत होता.

सरकार या गोष्टीत जरा उशिरा आले. १९३९ मध्ये मुंबई सरकारने आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकासासाठी समिती नेमली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये स्वतःचा ग्रंथालय कायदा केला. राज्याचा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम झाला १९६७ मध्ये आणि लागू झाला १ मे १९६८ पासून. तामिळनाडू आणि कर्नाटकात मालमत्ता करावर ग्रंथालयासाठी अधिभार घेतात. महाराष्ट्राने तो मार्ग घेतला नाही. इथे लोकांनी आधी संस्था काढायची, चालवून दाखवायची आणि मग सरकारने अ, ब, क, ड असा वर्ग देऊन अनुदान द्यायचे. या पद्धतीने राज्यात बारा हजारांच्या आसपास वाचनालये उभी राहिली, हे तिचे यश. आणि ती सगळी कोणाच्या तरी फुकट दिलेल्या संध्याकाळींवर चालतात, हे तिचे दुसरे अंग. ड वर्गाचे वार्षिक अनुदान कित्येक वर्षे ३० हजार रुपये होते. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाली आणि ते ४८ हजारांवर गेले. त्यातले निम्मे पगारावर धरले तर तेव्हा ग्रंथपालाच्या हातात महिन्याला दोन हजार रुपये पडत. सांताक्रूझला एवढ्यात दुचाकीसाठी पार्किंगची जागाही मिळायची नाही. २०१२ मध्ये राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली. काही वाचनालये निव्वळ कागदावर होती, हे खरेच. पण त्यानंतर नव्या वाचनालयांची मान्यता वर्षानुवर्षे थांबली आणि सुक्याबरोबर ओलेही जळाले.

अनुदानाबरोबर कागद येतात. संस्था नोंदणीचा १८६० चा कायदा, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा कायदा, धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय, ऑडिट, आणि कार्यकारिणी बदलली की चेंज रिपोर्ट. वाचनाची आवड म्हणून आलेला नवा कार्यकर्ता पहिल्या वर्षी चेंज रिपोर्ट म्हणजे काय ते शिकतो आणि दुसऱ्या वर्षी चिटणीस होतो. पुस्तक वाचायला त्याला त्यानंतर वेळ मिळत नाही, अशी एक जुनी थट्टा आहे. थट्टाच, पण खोटी नाही.

सांताक्रूझचे नाव जगभरच्या हवामानाच्या पुस्तकांत गेले ते २६ जुलै २००५ मुळे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला पडला ७३ मिलिमीटर. दक्षिण मुंबईतल्या टाउन हॉलमधल्या ग्रंथालयाची कपाटे कोरडी होती. इथे मिठी नदी उलटली, वाकोल्याचा नाला रस्त्यावर आला, मिलन सबवेचे तळे झाले.

पुराचे पाणी पुस्तकांच्या बाबतीत एक क्रूर हिशेब करते. जाड, जड आणि महाग ग्रंथ सहसा सर्वांत खालच्या फळीवर ठेवतात, कारण वरची फळी वाकते. केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड, विश्वकोशाचे खंड, बांधून ठेवलेल्या मासिकांचे जुने अंक खाली. हलक्या कादंबऱ्या वर. तळमजल्यावर गुडघाभर पाणी शिरले तर जे पुन्हा मिळणार नाही ते आधी भिजते आणि जे कुठेही मिळते ते वाचते. भिजलेला कागद फुगतो, पुस्तक फळीत घट्ट बसते आणि ओढले की कणा हातात येतो. गुळगुळीत चित्रांच्या पानांची तर एकमेकांना चिकटून वीट होते. त्यातून जुलैची दमट हवा. दोन दिवसांच्या आत वाळवले नाही तर बुरशी धरते, असे जगभरचे जतनतज्ज्ञ सांगतात, आणि उपनगरांत पुष्कळ ठिकाणी त्या दोन दिवसांत वीजही नव्हती. उपाय एकच असतो : पुस्तक उभे करून पाने पंख्यासारखी उघडायची, दर काही पानांनंतर कोरा नाहीतर रद्दीचा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. यंत्राने हे होत नाही. त्याला माणसे लागतात, पुष्कळ, आणि न कंटाळणारी.

४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीत आर्नो नदी फ्लॉरेन्स शहरात घुसली तेव्हा तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातले ग्रंथ असेच चिखलात गेले. देशोदेशींची तरुण मुले आपण होऊन तिथे आली, रांगा लावून हातोहात ग्रंथ बाहेर काढत राहिली. तंबाखू वाळवायच्या भट्ट्यांत पुस्तके वाळवली गेली. इटलीने त्या मुलांना 'चिखलातले देवदूत' असे नाव दिले. आपल्याकडे २००५ च्या त्या आठवड्यात माणसे आधी माणसांना वाचवत होती, बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या वाटत होती. ते योग्यच होते. पुस्तकांची पाळी नंतर आली, आणि जी गेली त्यांच्या नावापुढे नोंदवहीत लाल शाईने 'बाद' असा शेरा पडला. ज्यांनी ती ओळ कधी काळी निळ्या शाईने लिहिली होती, त्यांच्यावरच कधी लाल शाई उचलायची वेळ येते.

अलीकडे वाचनालयात गर्दी कुठे दिसते, तर अभ्यासिकेत. गोळीबार, वाकोला, डवरीनगर भागात दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात. तिथे सीएची किंवा एमपीएससीची पुस्तके उघडायची तर टीव्ही, कुकर आणि धाकट्या भावंडांशी झगडावे लागते. अभ्यासिकेतली एक खुर्ची, डोक्यावर पंखा आणि शांतता एवढ्यासाठी मुले पहाटे रांग लावतात. जुन्या सभासदांची कुरकुर अशी, की ही मुले वाचनालयातले एकही पुस्तक वाचत नाहीत, स्वतःचीच घेऊन येतात. कुरकुर खरी आहे. पण उपनगरात शांत जागा ही पुस्तकापेक्षा दुर्मीळ झाली, याला मुले काय करणार? ज्या संस्थांनी हे वेळीच ओळखून कपाटे सरकवली आणि टेबले मांडली, त्यांच्या दारात तरुण चेहरे टिकले.

वाचक येत नसतील तर पुस्तकांनी जावे, ही कल्पना जुनीच. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञाच्या मदतीने फिरत्या वाचनालयांच्या लाकडी पेट्या गावोगाव पाठवल्या. जवळजवळ शंभर वर्षांनी, २००९ मध्ये, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. पुन्हा पेट्याच. एका गटाने पेटी घ्यायची, काही महिन्यांनी पुढच्या गटाशी बदलायची. त्या पेट्या परदेशातल्या मराठी घरांतही गेल्या. काउंटर नाही, पगारी ग्रंथपाल नाही, विलंब शुल्क नाही. सोसायटीतल्या एका घरात पेटी आणि त्या घरच्या बाई सांभाळणार. पार्ल्याच्या जुन्या कारकुनांचे दोन तास तिथे दुपारच्या चहानंतरच्या वेळात गेले, एवढाच फरक.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सगळे बंद झाले तसे वाचनालयही. पुस्तके लोकांच्या घरी अडकली, दिवाळी अंक अर्धवट फिरलेले राहिले. महाराष्ट्रात वाचनालये पुन्हा उघडायला परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबर २०२० पासून. तो दिवस ए. पी. जे. अब्दुल कलामांच्या जयंतीचा, म्हणजे राज्यभर 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जाणारा. परत आलेली पुस्तके सरळ फळीवर न ठेवता काही दिवस वेगळी ठेवायची, अशी काळजी तेव्हा जगभर घेतली जात होती. ती पुस्तके परत करायला आलेल्यांत सभासद स्वतः नव्हते, त्यांची मुले होती, असेही त्या दिवसांत कार्डावरचे नाव आणि समोरचा चेहरा ताडून बघताना लक्षात येई. अशा वेळी विलंब शुल्क कोणी मागत नाही. कार्ड बाजूला काढून ठेवतात आणि अनामत परत करतात. काही जण ती परत घेत नाहीत, 'वडिलांच्या नावाने पुस्तके घ्या' म्हणतात. मग त्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर 'स्मरणार्थ' असा शिक्का बसतो.

आणि दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभा येते. सूचना चौदा दिवस आधी फळ्यावर लागते. 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तीस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही' हे वाक्य प्रत्येक सूचनेच्या शेवटी असते आणि दरवर्षी ते अमलात येते. साडेपाचला आठ माणसे जमतात, सभा रीतसर तहकूब होते. अर्धा तास चहा आणि बटाटेवडा. सहाला तीच आठ माणसे आणि एक उशिरा आलेले नववे पुन्हा बसतात. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते, हिशेब मंजूर होतात, बाद पुस्तकांच्या यादीवर नेहमीचे दोन आजोबा नेहमीची हरकत घेतात. नवीन कार्यकारिणीसाठी नावे सुचवा म्हटल्यावर सगळे पंख्याकडे बघतात. अभ्यासिकेतला एक मुलगा दारातून डोकावतो आणि आत किती वेळ बोलणे चालणार आहे असे विचारतो, कारण त्याचा उद्या पेपर असतो. अध्यक्ष त्याला आत बोलावतात, खुर्ची देतात आणि त्याचे नाव लिहून घेतात.